एक दिवस, एकच ठिकाण: मुलं आणि आजी दोघांनाही जमेल अशी ऐतिहासिक सहल सुचवा

रानजाई:
दिवाळीच्या सुट्टीत नणंदेचं कुटुंब लातूरहून आमच्याकडे पुण्याला येतंय. दोन घरांची मिळून चार मुलं, धाकटा दुसरीत, थोरली नववीत. सोबत सासूबाई. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर त्या आम्हा सगळ्यांच्या पुढे चालतात, पण उंच पायऱ्या आल्या की अवघड होतं. सकाळी जाऊन रात्री घरी येता येईल अशी जागा हवी आहे आणि ती ऐतिहासिकच हवी. हा आग्रह खुद्द सासूबाईंचा. रिसॉर्टचं नाव काढलं तर म्हणाल्या, "पोहायला काय घराजवळ तलाव नाहीत?"

घरच्या ग्रुपवर शिजत असलेला बेत असा: पहाटे निघून शिवनेरी, मग लेण्याद्री, मग ओझर आणि वेळ उरला तर नाणेघाट. माझा याला ठाम विरोध आहे. एका दिवसात एकच ठिकाण बघावं, फार तर वाटेवरचं एखादं छोटं. चार ठिकाणी उतरवायचं, फोटो काढायचे, पुन्हा गाडीत कोंबायचं, असं केलं तर मुलांच्या लक्षात गाडीच राहते. शिवनेरीला अर्धा दिवसही द्यायचा नसेल तर जायचंच कशाला?

जागा सुचवा, माझं म्हणणं चूक वाटत असेल तर तसंही सांगा. आणि स्वच्छतागृहांची खरी परिस्थिती सांगा, कुणी त्याबद्दल लिहीतच नाही.

वेताळटेकडी:
शंभर टक्के सहमत. शिवनेरीला एकामागोमाग सात दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजा म्हणजे मुलांसाठी स्वतंत्र खेळ आहे. आम्ही पोरांना एकच काम देतो: अडसराची खाच शोधा. दरवाजाच्या चौकटीमागे दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं असतात. एका बाजूचं खोल, दुसऱ्या बाजूचं उथळ. जाड लाकडी अडसर खोल भोकात सरकवून ठेवायचा आणि दार लावलं की ओढून समोरच्या भोकात बसवायचा. लहान मुलाचा हात खांद्यापर्यंत आत जातो. (आधी बॅटरी मारून बघा, आत पाली, विंचू असू शकतात.) एकदा ही खाच सापडली की पुढे प्रत्येक दरवाजाला मुलं आपणहून पळत जातात. मग पहारेकऱ्यांच्या देवड्या, तटातल्या जंग्या (बंदुकीच्या माऱ्यासाठीची भोकं), त्यांचा खाली उतरता कोन, सगळं विचारतात. चार ठिकाणांच्या धावपळीत यातलं काहीच होत नाही.

दुपारझोप:
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. पुण्यात राहणाऱ्याला 'एकच ठिकाण' परवडतं, कारण पुढचा रविवार त्याच्या हातात असतो. लातूरची मंडळी जुन्नरला पुन्हा कधी येणार? आम्ही अमरावतीकडचे. लहानपणी वडील वर्षातून एकदा आम्हाला घेऊन निघायचे आणि वाटेतलं काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. त्या धावपळीच्या सहलींनीच मला इतिहासाची गोडी लावली. पुढे मोठेपणी त्यातल्या कितीतरी जागी मी सावकाश जाऊन आलो, पण कुठे जायचं हे मला त्या धावत्या भेटींमुळेच माहीत होतं. शिवनेरी आणि लेण्याद्री तर समोरासमोर आहेत, मध्ये जुन्नर गाव. एवढं जवळ जाऊन परत यायचं?

रानजाई:
दुपारझोप, मुद्दा पटतोय. नणंदबाईही हेच म्हणाल्या. पण मग आजींचं काय? शिवनेरीच्या पायऱ्या आणि लगेच लेण्याद्रीच्या पायऱ्या एका दिवसात त्यांना झेपणार नाहीत. त्या खाली गाडीत बसून राहणार आणि "तुम्ही या जाऊन, मी बसते" म्हणणार. मला तेच नकोय.

शेवगाठी:
वाचतेय. आमच्याकडेही दोन आज्या आहेत.

पाणपोई:
स्वच्छतागृहांबद्दल विचारलंत म्हणून बरं वाटलं. मी दोन मुलींची आई आहे, त्यामुळे कळकळीने लिहिते. बहुतेक गडांवर जी काही सोय असते ती पायथ्याला, वर काही नाही. पायथ्याच्या ठिकाणीही पाणी असेलच असं नाही. आमच्या मुली हे ओळखून सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसायच्या. हे किती घरांत होत असेल! उन्हात गड चढताना पाणी न पिणं धोक्याचं आहे, पण मुलींना बायकांकडे बघूनच ते शिकायला मिळतं. आता मोठा रस्ता सोडण्याआधी चांगला पेट्रोल पंप किंवा हॉटेल गाठून सगळ्यांनी उतरायचं, हा आमच्याकडे नियम आहे. "मला नाही आली" हे चालत नाही. गाडीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन, साबण आणि कागदी पिशव्या. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून परत घरी आणायचं, गडावर टाकायचं नाही. थोरली नववीत आहे म्हणालात, तिच्याशी आधी बोलून ठेवा.

शेवगाठी:
पाणपोई, अगदी अनुमोदन. हे कुणीतरी लिहायला हवंच होतं.

गोधडी:
रानजाई, गडाचा हट्ट नसेल तर भुलेश्वर बघा. सोलापूर रस्त्याने यवतच्या पुढे वळायचं, पुण्याहून साधारण पन्नास किलोमीटर. गाडी डोंगरावर जवळजवळ देवळापाशी जाते. तेराव्या शतकातलं यादवकालीन शिवमंदिर आहे. बाहेरून तर कळतच नाही आत काय आहे ते. कोरा तट, त्यावर नंतरच्या काळातले घुमट. आत अरुंद अंधारा जिना चढून गेलं की एकदम कोरीव खांब आणि शिल्पपट सुरू होतात. रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत. माझ्या सासऱ्यांनी तिथे नातवाला एकेक प्रसंग ओळखायला लावला आणि तासाभराने दोघांनाही हलवेना.

मुलांना आणखी एक शोधायला सांगा: स्त्रीरूपातला गणपती. वरच्या बाजूला आहे, पटकन दिसत नाही. बॅटरी न्याच. आणि जाड मोजे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी अंगणातला काळा दगड असा तापतो की मुलं नाचायला लागतात.

वेताळटेकडी:
भुलेश्वर म्हणजे पूर्वीच्या मंगळगडाचाच भाग. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने तिथे किल्ला बांधला, सतराव्या शतकात. तटबंदीचे, बुरुजाचे अवशेष अजून आहेत. म्हणजे गडही झाला, देऊळही झालं आणि आजींना चढावं लागलं नाही. तिथून मोरगावच्या दिशेने गेलात तर लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं देऊळ, पुष्करणी आणि यज्ञवराह. वराहाच्या अंगावरचं कोरीवकाम जवळून बघण्यासारखं आहे. इतक्या जवळ असून पुण्यातली माणसं फार कमी जातात.

अडसर:
मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आपण मुलांना राजे-महाराजांच्या गोष्टी सांगतो आणि त्या सांगायलाच हव्यात. पण साध्या माणसांची नावं दगडावर आहेत, ती कुणी दाखवत नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ला लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख आहेत. दान देणारे कोण? धेनुकाकट या त्या काळच्या गावचा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या. दरवाजाचं काम करणारा सामि नावाचा सुतार, तोही धेनुकाकटचाच. खांबांसाठी दान देणारे यवन, म्हणजे ग्रीक, आहेत. आणि वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल म्हणतो की हे शैलगृह (डोंगरात कोरलेलं घर) जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, सर्वोत्तम आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हा अभिमान आहे! मी मुलांना तिथे उभं करून हे सांगतो आणि मग छताकडे बघायला लावतो. वरच्या कमानींच्या फासळ्या सागवानी लाकडाच्या आहेत, मूळच्या. दगडाच्या छताला लाकडाची गरजच नव्हती, पण आधी लाकडी घरं बांधणारे हात होते, त्यांनी दगडातही तेच रूप आणलं.

पायऱ्या आहेत, हे खरं. लेण्याला लागूनच एकवीरा देवीचं देऊळ आहे, रविवारी आणि चैत्रात तिच्या दर्शनाला प्रचंड गर्दी असते. मधल्या वारी सकाळी लवकर जा.

सोनटक्का:
कार्ल्याला गेलात तर समोरच्या भाजे लेण्यालाही जा असं सांगणार होते, पण धाग्याचं नाव बघून गप्प बसते :)

दुपारझोप:
सोनटक्का, बोला हो, मी आहे तुमच्या बाजूने!

सोनटक्का:
मग सांगतेच. भाजे लेण्याचं चैत्यगृह कार्ल्याहून जुनं आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथले खांब सरळ नाहीत, वरच्या बाजूने आत झुकलेत. लाकडी इमारतीत भार पेलायला खांब तसे तिरके लावत, तेच दगडात कोरलं. मुलांना विचारा "खांबांत काय वेगळं दिसतं?" कुणीतरी बरोबर ओळखतंच. पुढे एका विहारात (भिक्खूंच्या निवासात) सूर्याचा रथ आणि हत्तीवरचा इंद्र आहे. पावसाळ्यात मात्र शनिवार-रविवार टाळा, धबधब्याच्या गर्दीत लेणी दिसतच नाहीत.

खारवारा:
सगळे घाटावरचेच बोलताय. मुंबईकरांसाठी आणि हौशी पुणेकरांसाठी अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, चढ नाही, आत गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर. भोवती खारं पाणी आणि मध्ये गोडं, यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत, चव घेऊनच बघतात. तटाचे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो.

वेळेसाठी आमच्याकडचा जुना हिशेब सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. अष्टमीला दुपारी जा, पाय ओले न करता परत या.

भरतीओहोटी:
खारवारा, हिशेब बरोबर, सल्ला धोक्याचा. अष्टमीला भांग असते. भरतीही कमी आणि ओहोटीही कमी, पाणी पुरतं मागे हटत नाही. बाराला गेलात तरी गुडघाभर पाणी असू शकतं. लहान मुलं आणि आजी असतील तर द्वादशी-त्रयोदशी बघावी. बारा पाऊणे नऊ, म्हणजे नवाला भरती आणि तीनच्या सुमारास चांगली ओहोटी, उधाण जवळ आलेलं असतं त्यामुळे वाट मोकळी होते. पाणी उतरत असतानाच, दोन-सव्वादोनला निघायचं आणि तीन-साडेतीनला परत फिरायचं. आणि हा हिशेब अंदाजापुरता. त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघून आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच पाण्यात पाय घालायचा. पाणी चढू लागल्यावर "अजून एक फोटो" अजिबात नको.

खारवारा:
बरोबर. भांगेचं मी लिहायला हवं होतं. लहान मुलांसोबत तुमचाच दिवस धरावा. घोडागाडी असते, पण वेळेचं गणित तिलाही लागू आहे.

शेवगाठी:
आजीला विचारलं, ती रत्नागिरीची. तिने पाढा म्हणूनच दाखवला :)

रानजाई:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवतेय. त्यांचा प्रश्न: रायगडाला रोपवे आहे ना? मग तिथे का नाही?

वेताळटेकडी:
आहे, १९९६ पासून. चौदाशेहून जास्त पायऱ्या वाचतात. पण पुण्याहून एका दिवसात जाऊन-येऊन म्हणजे गाडीतच बराच वेळ जातो, आणि सुट्टीत रोपवेला मोठी रांग लागते. वर पोचल्यावरही राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी, एवढं चालणं आहेच, तेही उघड्यावर. जमलं तर महाडला मुक्काम करा. जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' हा हिरोजी इंदुलकरांचा लेख आहे, तो आजींनी नातवंडांना बोटाने गिरवायला लावावा. ज्याने हा गड उभा केला त्याने आपलं नाव पायरीवर कोरून घेतलं, यापुढे दुसरं काही सांगावं लागत नाही.

अडसर:
बोटाने दुरूनच गिरवू द्या हो, लेख आधीच झिजलाय. हाताच्या घामानेही दगडावर परिणाम होतो. आणि नावं कोरणाऱ्यांविषयी बोलायलाच हवं. संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. मुलांना ही शिक्षा माहीत असावी. एका लेण्यात मी एका मुलाला विटेच्या तुकड्याने नाव लिहिताना थांबवलं, तर वडील माझ्यावर चिडले. लेकाला मात्र लाज वाटली होती, त्याने स्वतः हाताने पुसलं.

वेताळटेकडी:
मान्य. दुरूनच वाचायचा.

पाणपोई:
मधमाश्यांचंही कुणीतरी लिहा. कड्याला, दरवाजाच्या कमानीला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. तिथे धूर, फटाके, आरडाओरडा नको. दगड मारणं तर नकोच. उग्र अत्तर लावून गडावर जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोकं-तोंड कापडाने झाकून तिथून लांब जायचं. माकडांसाठी: खाऊ पिशवीत हातात धरून चालू नका, पाठीवरच्या बॅगेत चेन लावून ठेवा.

गोधडी:
मला आजींच्या दृष्टीने अजून एक सुचतंय. सातारा रस्त्याने जा. साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाजवळ बारा मोटेची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी विहीर आणि तिच्या पोटातच छोटा महाल, भिंतींवर शिल्पं. वरच्या बाजूने मोटांच्या जागा दिसतात. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून हे नाव. आजींच्या पिढीला मोट काय ते सांगावं लागत नाही! माझ्या आईने तिथे उभं राहून बैल कसे मागे-पुढे चालायचे, सोंदूर (मोटेच्या तोंडाचा दोर) कसा ओढला की पाणी थारोळ्यात (विहिरीकाठच्या दगडी कुंडात) पडायचं, ते सगळं सांगितलं. गाइड केला असता तरी इतकं नसतं सांगितलं कुणी. मुलं तिच्याभोवतीच होती.

आणि तिथून वाईला वळून मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि घाटावर मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक, तिच्यावर १७०७ साल आहे. देवळाबाहेर चर्चची घंटा कशी, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

दुपारझोप:
बघा, गोधडीताईंनी एका दिवसात दोन ठिकाणं केली!

गोधडी:
हो, पण दोन्हीकडे बसायला जागा आहे आणि कुणाला पळायचं नाही. माझी अट एवढीच, की ज्याचे पाय सर्वांत हळू चालतात त्याच्या वेळेने दिवस आखायचा. मग एक ठिकाण होवो नाही तर दोन.

सोनटक्का:
हे पटलं. संख्येपेक्षा हा हिशेब जास्त उपयोगाचा.

रानजाई:
मलाही पटलं. धाग्याचं नाव आता बदलता येत नाही, पण माझं मत थोडं बदललं. घरात बोलून ठरवलंय: पहिल्या दिवशी सगळे मिळून लिंब आणि मेणवली. मोटेचं ऐकून सासूबाईंनी लगेच "माझ्या माहेरी चार बैलांची मोट होती" असं सुरू केलं, त्यामुळे मुलांची तयारी घरातच चालू झालीय. दोन दिवसांनी मुलं, नणंद आणि मी फक्त शिवनेरी, दिवसभर. लेण्याद्री आणि ओझर यांचा विषय नणंदबाईंनी स्वतःच सोडला, पण नाणेघाट मात्र हवाच म्हणतात. विहिरीच्या पायऱ्या कशा आहेत? धरायला काही आहे का?

गोधडी:
पायऱ्या दगडी, रुंद आहेत, पण कठडा आहे असं धरून चालू नका. एकाने पुढे, एकाने मागे राहायचं. आजी वरूनही बरंच बघू शकतील, मोटांच्या जागा तर वरच आहेत. पाण्यापर्यंत मुलांना मोठ्यांशिवाय सोडायचं नाही. शेवाळ असतं.

वेताळटेकडी:
शिवनेरीच्या दिवशी नाणेघाट करायचाच असेल तर दुपारी लवकर गड उतरा, अंधार पडायच्या आत तिथून निघायला हवं. गाडी पठारावर जाते, गुहेपर्यंत थोडं उतरायचं आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या मूर्ती होत्या. आज फक्त पावलांच्या खुणा आणि वर नावं उरलीत. बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख, यज्ञांत दिलेल्या गायी-हत्ती-घोड्यांचे आकडे ब्राह्मीत. नववीतल्या मुलीला ते आकडे ओळखायला द्या.

शिवनेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, राजगड, रायगड, लोहगड वगैरे धरून बारा किल्ले, त्यातला जिंजी तमिळनाडूत. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, म्हणून गड उघडताच वर जा.

दुपारझोप:
मी डिसेंबरात आईवडिलांना वेरूळ-अजिंठा दाखवणार आहे. दोन्ही एका दिवसात करू नका असं इथे सगळे म्हणणार हे माहीत आहे, म्हणून दोन दिवस ठेवलेत. सोमवार-मंगळवार सुट्टी मिळतेय. चालेल?

अडसर:
वार उलटे पडू देऊ नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, असंच करावं लागेल. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कैलास लेणं दुपारनंतर बघा, उजेड आतपर्यंत येतो. सकाळी बौद्ध लेणी उरका, त्यात दहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह सोडू नका. जैन लेणी, तीस ते चौतीस, बरीच पुढे आहेत, आईवडिलांना तिथे गाडीने न्या. अजिंठ्याला चालवत नसेल तर डोली मिळते, भाडं आधीच ठरवून घ्या.